लग्नाच्या तसबिरीची घाई



लग्न होऊन चार महिने लोटले. मांडव उतरला, आचाऱ्याचे पैसे देऊन झाले, आहेराची यादी जुळवून झाली, नवी सून दोन वेळां माहेरीं जाऊन आली. परंतु लग्नाच्या छायाचित्रांचा अल्बम कांहीं घरांत आला नाहीं. वधूची आई छायाचित्रकाराला विचारते, तेव्हां तो म्हणतो, "मावशी, काम चालूं आहे." तो खोटें बोलत नसतो. काम खरोखरच चालूं असतें. पुष्कळदां तें रात्रीं दोन वाजेपर्यंत चालूं असतें. यजमानाला वाटतें, हल्लीं सारें यंत्रच करतें, मग इतका उशीर कां? छायाचित्रकाराला वाटतें, यंत्र इतकें वेगवान झालें, तरी माझी रात्र कां लांबली? दोघांचा प्रश्न एकच आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर पावणेदोनशें वर्षें मागें जावें लागतें, आणि आज तेंच मी करणार आहें.

या विचारासाठीं मीं आकुर्डी हें ठिकाण डोळ्यांपुढें ठेविलें आहे, त्याला कारण आहे. पुणें-लोणावळा लोहमार्गावरील या गांवाची जुनी ओळख म्हणजे देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी पंढरीच्या वाटेवर येथील विठ्ठलमंदिरांत मुक्काम करते, ही होय. पुढें काळ बदलला. शेजारच्या पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. आकुर्डीस बजाज ऑटोचा स्कूटरचा कारखाना उभा राहिला. १९७० सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोंकण, सातारा, सांगली अशा चहूंकडून माणसें कामाला आलीं आणि येथेंच त्यांचे संसार थाटले. अशा वस्तींतील छायाचित्रकाराला एका हंगामांत दहा प्रकारची हळद आणि दहा प्रकारच्या वराती पाहावयास मिळतात. शिवाय कारखान्यांच्या सान्निध्यांत राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळते. काम लवकर होणें म्हणजे हात भरभर चालविणें नव्हे; काम कोठें अडतें तें ओळखणें, हें खरें. या दोन गोष्टी, म्हणजे हळद आणि अडणारें काम, आपण ध्यानांत ठेवूं. आजच्या सर्व कथेचे धागे त्यांतच आहेत.

छायाचित्रणाची कला १८३९ सालीं पॅरिसमध्यें जाहीर झाली. आपल्याकडे ती फार उशिरां आली असें नाहीं. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील मंडळ्या तिच्यानंतर दोन वर्षांनीं निघाल्या. मुंबईच्या या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचा वर्गहि सुरू झाला, आणि तेथें ही विद्या शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत तिचाच व्यवसाय केला. म्हणजे रेल्वे बोरघाट ओलांडून सबंध पुण्यास पोंचण्यापूर्वींच मराठी माणसाच्या हातांत कॅमेरा आला होता.

त्या वेळची पद्धत मोठी कष्टाची होती. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियन नांवाचें चिकट द्रव्य ओतावयाचें, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि ओली असतांनाच अंधाऱ्या खोलींत तें उमटवावयाचें. हें सारें पांचदहा मिनिटांत उरकलें पाहिजे, कारण काच वाळली कीं काम फुकट गेलें. आपल्या वैशाखाच्या उन्हांत ती किती भरभर वाळत असेल, याची कल्पना करावी! एवढ्या खटाटोपानें एक चित्र मिळे. मात्र एक गोष्ट आपल्या ध्यानांत आली असेल: त्या काळीं काम शिल्लक राहण्याचा संभवच नव्हता. चित्र घेणें आणि चित्र उमटविणें हीं एकाच श्वासांत होत. छायाचित्रकार घरीं जाई तेव्हां काच तयार असे, किंवा बिघडलेली असे. "काम चालूं आहे" हें वाक्य त्याच्या तोंडीं फारसें येण्याचें कारण नव्हतें.

परंतु त्या काचेंत एक मोठी उणीव होती, आणि आपल्या लग्नघराला ती फार जाणवण्यासारखी होती. तिला निळा प्रकाश दिसे. पिंवळा आणि तांबडा दिसत नसे. जें तिला दिसत नसे तें छापील चित्रांत काळें उमटे. आतां आपल्या वधूचा वेष आठवा. अंगाला हळद, अंगावर पिंवळी अष्टपुत्री, कपाळावर कुंकू, हातांत हिरवा चुडा. जें जें मंगल, तें तें त्या काचेच्या दृष्टीनें अंधार! सोन्यासारख्या पिंवळ्या वर्णाची मुलगी चित्रांत काळवंडलेली दिसे आणि कपाळावरचें कुंकू काजळाच्या ठिपक्यासारखें दिसे. दोष मुलीचा नव्हता, छायाचित्रकाराचाहि नव्हता; तो त्या रासायनिक द्रव्याच्या दृष्टीचा होता.

हा दोष झांकण्यासाठीं आणि चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या सौम्य करण्यासाठीं 'रिटचिंग' नांवाची कला निघाली. म्यूनिक येथील फ्रान्झ हान्फ्‌स्टेंगल यानें १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत एकाच माणसाची दोन चित्रें, एक हात फिरविलेलें व एक न फिरविलेलें, शेजारीं शेजारीं मांडलीं, असें सांगतात. आणि तेव्हांपासून ही कला सर्वत्र पसरली. तिची रीत साधी पण नाजूक होती. उतरत्या डेस्कावर काचेची निगेटिव्ह ठेवावयाची, खालून आरशानें तिच्यांत प्रकाश सोडावयाचा, तिच्यावर राळेचें पातळ लेपन करावयाचें म्हणजे पेन्सिल धरते, आणि मग सुईसारख्या टोंकाच्या पेन्सिलीनें बारीक बारीक रेघा भरावयाच्या. निगेटिव्हवर जेथें पेन्सिल फिरली तेथें छापील चित्र उजळ होई. जेथें काळोख हवा असेल तेथें पातें लावून थर खरवडावयाचा. एकेका चेहऱ्याला तासच्या तास लागत. ही पेन्सिल आली होती काचेची चूक सुधारण्यासाठीं. परंतु पुढें काचेची चूक दुरुस्त झाली, तरी पेन्सिल गेली नाहीं. १८७३ सालीं फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें विशिष्ट रंगद्रव्यें मिसळून काचेची दृष्टि वाढविली, आणि १९०६ सालीं सर्व रंग दिसणाऱ्या काचा बाजारांत आल्या. हळद आतां काळी उमटेना. तरी वधूचा वर्ण उजळ करण्याची संवय मात्र धंद्यांत राहून गेली. या संवयीकडे आपणांस शेवटीं पुन्हां यावयाचें आहे.

वेगाच्या दृष्टीनें खरी क्रांति कोरड्या काचेनें केली. १८७१ सालीं डॉ. मॅडॉक्स या इंग्रज वैद्यानें सरसासारख्या जिलेटिनचा थर वापरून ती सुचविली, आणि पुढच्या दहा वर्षांत ती तयार विकत मिळूं लागली. आतां काच आधीं आणून ठेवतां येई, चित्र क्षणार्धांत घेतां येई, आणि उमटविण्याचें काम सवडीनें करतां येई. सोय मोठी झाली खरी; परंतु त्याच दिवशीं चित्र घेणें आणि चित्र पुरें करणें यांची ताटातूट झाली. 'नंतर करूं' हा शब्द या धंद्यांत आला तो येथें. मांडवांत वेळ वांचला, आणि तो अंधाऱ्या खोलींत खर्च होऊं लागला. पुढील सर्व इतिहास या एका वाक्याचा विस्तार आहे, असें म्हटलें तरी चालेल.

आमच्याकडे एक गोष्ट मात्र सुदैवाची होती. त्या काळीं कागदावरचें चित्र उन्हांतच छापावें लागे. चौकटींत निगेटिव्ह आणि कागद घालून ती गच्चीवर ठेवावयाची आणि सूर्याला काम करूं द्यावयाचें. आपले लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि चातुर्मास लागला कीं थांबतात. म्हणजे जेव्हां लग्नें, तेव्हां ऊन. आणि जेव्हां पाऊस, तेव्हां काम थोडें. पंचांगाचा आणि छापखान्याचा असा मेळ पुन्हां कधीं जमला नाहीं. १८९३ सालीं दिव्याच्या उजेडांत छापतां येईल असा 'व्हेलॉक्स' कागद निघाला, आणि सूर्य मावळला तरी काम थांबेना. छायाचित्रकाराची रात्र गेली ती तेव्हां गेली.

या रात्रींत घरच्या माणसांचा वांटा किती असे, याचें एक थोर उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. आकुर्डीवरून जाणारी गाडी पुढें मळवलीस थांबते. या बाजूसच राजा रविवर्मा यांचा छापखाना होता, आणि तेथें चित्रछपाईच्या कामांत दादासाहेब फाळके यांनीं हात घातला होता. त्यापूर्वीं ते बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण शिकले होते आणि गोध्र्याला त्यांनीं छायाचित्रांचें दुकानहि काढलें होतें. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, त्याच्यामागें सरस्वतीबाई फाळके यांचे कष्ट होते. दिवसभर मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक करावयाचा, आणि रात्रीं अंधाऱ्या खोलींत फिल्मला भोंकें पाडावयाचीं व ती उमटवावयाची. ज्यांना आपण एका माणसाची कला म्हणतों, त्या पुष्कळ गोष्टी अशा घराच्या सहाय्यानें झालेल्या असतात. आजहि लहान गांवांतील स्टुडिओंत अल्बमाचीं पानें रचणारा हात पुष्कळदां घरांतलाच असतो. त्याचें नांव मात्र पाटीवर नसतें.

काचेच्या जागीं गुंडाळीची फिल्म आली. मोठ्या फिल्मवर १२ चित्रें निघत, लहान फिल्मवर ३६. फिल्म महाग होती. १९६० सालीं उटकमंड येथें हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिची 'इंदु' फिल्म बाजारांत आली, तरी छायाचित्रकाराचा हात आखडलेलाच असे. समजा, एका लग्नाला आठ मोठ्या फिल्म ठरल्या. म्हणजे सगळीं मिळून ९६ चित्रें. तेव्हां तो आधीं मनांत यादी करी. सीमांतपूजन एक, कन्यादान दोन, मंगळसूत्र एक, सप्तपदी दोन, आजीआजोबांसह एक. अंतरपाट दूर होऊन अक्षता उडतात तो क्षण एकच. त्यासाठीं तो श्वास रोखून उभा राही. म्हणजे निवड ही कळ दाबण्यापूर्वीं होत असे. नंतर करावयाचें असें फार थोडें उरे. हा मुद्दा आपण मनांत ठेवूं, कारण पुढें सारा घोटाळा येथेंच झाला आहे.

रंगीत फिल्म आली आणि तिच्याबरोबर यंत्राचें राज्य आलें. १९७२ सालीं सी-४१ नांवाची एकच ठराविक रीत सर्व जगांत सुरू झाली: ३८ अंश उष्णतेच्या द्रावणांत सव्वातीन मिनिटें, मग पुढचीं द्रावणें, मग पाणी. रीत ठराविक झाल्यामुळें ती यंत्राला शिकवितां आली. त्याच दशकाच्या अखेरीस जपानांत लहान आकाराचीं यंत्रें निघालीं, आणि पुढें आपल्या शहरांतहि "एका तासांत फोटो" अशा पाट्या झळकूं लागल्या. आठवडाभराचें काम तासावर आलें. हा विजय खराच होता, आणि त्याची थट्टा करण्याचें कारण नाहीं.

पण यंत्राला रंग कळावा कसा? कोडॅक कंपनींतील राल्फ इव्हान्स यानें त्यासाठीं एक युक्ति काढली होती, आणि १९५१ सालीं तिला अमेरिकेंत पेटंट मिळालें. कोणतेंहि सामान्य चित्र घ्या. त्यांतील सर्व रंग एकत्र कालविले तर सरासरी करडा रंग येतो. मग यंत्रानें प्रत्येक चित्राची सरासरी मोजावी, आणि ती करडी येईल असा प्रकाश कमीजास्त करून छापावें. बागेंतलें चित्र असो, समुद्रकांठचें असो, ही युक्ति बहुधा साधते. परंतु हळदीच्या चित्राचें काय? पाट पिंवळा, साडी पिंवळी, चेहरे पिंवळे, हात पिंवळे. यंत्र म्हणतें, येथें पिंवळा रंग फार झाला, हा दोष आहे; आणि तें त्यांत निळा मिसळतें. हळद फिकी पडते, चेहरा राखेसारखा होतो. या चुकीला धंद्यांत 'सब्जेक्ट फेल्युअर' म्हणतात. म्हणजे विषयाचें अपयश! यंत्राला हळद कळली नाहीं, आणि नापास झाली ती हळद! याला जोड म्हणून, रंग तपासण्यासाठीं कारखान्याकडून जें नमुन्याचें चित्र येई, त्यांत अनेक दशकें एक गौरवर्णी पाश्चात्य तरुणी असे. तिची कांति बरोबर उमटली म्हणजे यंत्र बरोबर. आपल्या मुलींचे सांवळे, गव्हाळ वर्ण त्या मापानें मोजले जात. ज्या दुकानांत यंत्रावर जाणता माणूस बसलेला असे, तो हळदीचें चित्र आलें कीं बटण दाबून यंत्राची दुरुस्ती थांबवी. एवढाच काय तो इलाज होता, आणि तो माणसाच्या हातांत होता.

येथें थोडें थांबून आकुर्डीच्या दुसऱ्या एका उशिराची आठवण करूं. येथील स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे; 'चेतक'ची प्रतीक्षा ही एका पिढीची म्हणच झाली होती. मुलीच्या लग्नाच्या कितीतरी आधीं नांव नोंदविल्याच्या गोष्टी अजून सांगतात. हा उशीर कामगारांचा हात मंद होता म्हणून झाला काय? तसें नव्हतें. किती स्कूटर करावयाच्या याची मर्यादा सरकारी परवान्यानें ठरत असे. अडथळा होता कागदावर, आणि तो सैल झाल्यावर रांगहि हळूहळू सरली. १९६१ सालीं जॉन लिटल या अमेरिकन पंडितानें रांगेचें एक साधें गणित सिद्ध करून दिलें. तुमच्यापुढें दहा लग्नें पडून आहेत आणि महिन्याला दोन पुरीं होतात, तर अकराव्या यजमानानें पांच महिने वाट पाहिलीच पाहिजे. तेव्हां प्रश्न एवढाच उरतो कीं, महिन्याला दोनच कां होतात? अडतें कोठें?

आतां आपण आजच्या काळांत येऊं. १९९० सालीं थॉमस आणि जॉन नोल या बंधूंचें 'फोटोशॉप' बाजारांत आलें. १९९६ सालीं त्यांत अशी सोय झाली कीं एकदां केलेली कृति यंत्रानें लक्षांत ठेवावी आणि सांगेल तितक्या चित्रांवर पुन्हां करावी. २००७ सालीं 'लाइटरूम' आलें. तें एकेका चित्रासाठीं नसून चित्रांच्या ढिगासाठींच केलेलें होतें. मधल्या काळांत फिल्म गेली, आणि फिल्मबरोबर तिची किंमतहि गेली. कळ दाबण्याला पैसा पडेनासा झाला, आणि ९६ चित्रांच्या जागीं तीन हजार चित्रें येऊं लागलीं. पूर्वीं निवड कळ दाबण्यापूर्वीं होत असे असें मीं म्हटलें. आतां ती मांडवांतून उठून रात्रीच्या संगणकापुढें येऊन बसली.

याचा हिशेब करून पाहूं. आकुर्डीच्या एखाद्या छायाचित्रकाराच्या हातांत ३,००० चित्रें आहेत असें धरूं. प्रत्येकाला तीन मिनिटें दिलीं तर १५० तास होतात. लग्नसराईंत महिन्याला दोनच लग्नें कां पुरीं होतात, तें येथें कळतें. आतां हेंच काम कारखान्याच्या रीतीनें वांटून पाहा. पहिल्या फेरींत फक्त निवड करावयाची. रंगाला हात लावावयाचा नाहीं. "हें टाकूं काय?" असें न विचारतां "हें ठेवूं काय?" असें विचारावयाचें. एका चित्राला दोन सेकंद धरले तर १०० मिनिटांत ३,००० पाहून होतात आणि ६०० उरतात. दुसऱ्या फेरींत या ६०० चित्रांचे प्रकाशाप्रमाणें गट करावयाचे: सकाळची हळद, कार्यालयांतील दिव्याखालचा विधि, दुपारची पंगत, रात्रीची वरात. वीस गट झाले, तर प्रत्येकांतील एका चित्रावर पांच मिनिटें खर्चून तीच दुरुस्ती सबंध गटाला लावावयाची. आणखी १०० मिनिटें. तिसऱ्या फेरींत प्रत्येक चित्रावर वीस सेकंद नजर, २०० मिनिटें. एकूण ४०० मिनिटें, म्हणजे पावणेसात तासांच्या आंत. शेवटीं अल्बमांत मोठीं लागणारीं ४० चित्रें घ्या आणि त्यांना दहा दहा मिनिटें द्या. आणखी तितकाच वेळ. १५० तासांचें काम साडेतेरा तासांच्या आंत आलें, आणि हात पूर्वीपेक्षां तसूभरहि वेगानें चालला नाहीं. नुसता क्रम बदलला.

या रीतीला पोषक अशीं कांहीं पथ्यें आहेत, तीं मांडवांतच पाळावीं लागतात. दोघे छायाचित्रकार असतील तर सकाळींच दोन्ही कॅमेऱ्यांचीं घड्याळें एक करून घ्यावीं. नाहींतर संगणकांत वरात आधीं आणि मंगळसूत्र मागाहून, असा अधर्म होतो. प्रकाश बदलला कीं एक चित्र करड्या पुठ्ठ्याचें घ्यावें. मग यंत्राला रंगाचा अंदाज बांधावा लागत नाहीं आणि हळद हळदच राहते. आणि घरीं येतांच, कांहींहि करण्यापूर्वीं, सर्व चित्रांच्या तीन प्रती कराव्या. त्यांतली एक दुसऱ्या इमारतींत ठेवावी. कारखान्यांत एखादा भाग बिघडला तर दुसरा करतां येतो. लग्न पुन्हां लावतां येत नाहीं.

तरीहि अल्बम येत नाहीं, तो कां? श्रोत्यांनीं रागावूं नये. त्याचें कारण पुष्कळदां आपल्याच घरांत असतें. छायाचित्रकार सहाशें चित्रें पाठवितो आणि म्हणतो, यांतलीं दीडशें निवडून द्या. मग तीं चित्रें वधूच्या घरीं जातात, वराच्या घरीं जातात. मामांचें एकच चित्र आलें म्हणून मामी रुसतात. आत्याबाई गांवाला गेलेल्या असतात. बारा इंच उंच आणि छत्तीस इंच रुंद अशा त्या करिझ्मा अल्बमाचीं पानें निवडीवांचून अडून राहतात. चेतकच्या रांगेप्रमाणें येथेंहि अडथळा यंत्राशीं नसतो. जो जाणता छायाचित्रकार असतो तो सहाशें चित्रें पाठवीत नाहीं. स्वतःच दोनशें निवडून अल्बम रचून पाठवितो आणि म्हणतो, बदलावयाचें तें पंधरा दिवसांत सांगा. निवडीचें ओझें ज्याला पेलतें त्यानें उचललें, कीं काम पुढें सरकतें.

आतां या कथेंतील शेवटचें यंत्र. गेल्या कांहीं वर्षांत निवड करणारीं यंत्रेंहि आलीं आहेत. तीं हजारों चित्रें पाहतात, अंधुक चित्र काढून टाकतात, मिटलेले डोळे ओळखून तें चित्र बाजूला सारतात, त्वचा गुळगुळीत करतात, वर्ण उजळतात. छायाचित्रकाराची रात्र त्यांनीं वांचते, आणि ती वांचावी असें मलाहि वाटतें. परंतु मंगलाष्टकें चालूं असतां आपल्या वधूचे डोळे कोठें असतात? ते खालीं असतात, किंवा मिटलेले असतात. मुलीला निरोप देतांना आजीनें डोळे मिटून तिच्या मस्तकावर हात ठेविला, तें चित्र यंत्राच्या हिशेबीं सदोष आहे. काचेला हळद काळी दिसली. छपाईच्या यंत्राला ती दोष वाटली. आतांच्या यंत्राला आजीचे मिटलेले डोळे चूक वाटतात. प्रत्येक यंत्र आपल्याबरोबर 'बरोबर काय' याचें एक माप घेऊन येतें, आणि तें माप बहुधा आपल्या अंगणांत घेतलेलें नसतें.

वर्ण उजळण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पूर्वीं एका चेहऱ्यावर पेन्सिल फिरवावयास तास लागे. त्यामुळें निदान विचार करावयास वेळ मिळे. आतां एका क्षणांत सहाशें चित्रांतील सांवळी मुलगी गोरी होते, आणि कोणी विचारलेंहि नसतें. वीस वर्षांनीं तिची लेक तो अल्बम उघडील आणि विचारील, "आई, ही कोण?" कारण तिची स्वतःची कांति आईसारखी असेल, आणि आईची कांति अल्बमांत नसेल. वेगाची ही किंमत कोणत्याहि पावतींत लिहिलेली नसते.

तेव्हां घाई करूं नये असें माझें म्हणणें नाहीं. उलट, जें एकसारखें आहे त्यांत खुशाल घाई करावी. प्रती करणें, गट पाडणें, दिव्याचा पिंवळेपणा घालविणें, आकार ठरविणें, हें सारें यंत्राला द्यावें. जें एकदांच घडतें तेथें मात्र थांबावें. हळदीचा रंग, अंतरपाटाचा क्षण, आजीचे डोळे, मुलीचा वर्ण, हीं माणसानेंच पाहिलीं पाहिजेत. पहिल्या कामांत वांचलेला वेळ दुसऱ्यासाठीं आहे. तो तिसऱ्या लग्नाची सुपारी घेण्यासाठीं नव्हे.

आकुर्डीचा स्कूटरचा कारखाना २००७ सालीं थांबला. एके काळीं ज्या वेगाचा गांवाला अभिमान होता, तो वेग पुढें दुसरीकडे गेला. ज्येष्ठांत पालखी मात्र आजहि पायींच येते, आणि विठ्ठलमंदिरांत एक रात्र विसांवते. एवढ्या घाईच्या रस्त्यावर कोणी तिला लवकर चला असें म्हणत नाहीं. पुढच्या वेळीं अल्बमाची चौकशी करतांना आपण छायाचित्रकाराला "केव्हां?" हें अवश्य विचारावें, पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: "आमची हळद पिंवळीच ठेविली आहे ना?"